ऑपरेशन झालंय, मग दिवस गेलेच कसे?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत):

कोपरखैरण्याहून एका वाचक भगिनीनं लिहिलंय. वय ३६. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. मुलगा झाल्यावर काही महिन्यांनी गावाकडे, सातारा जिल्ह्यात, कुटुंबनियोजनाचं बिनटाक्याचं ऑपरेशन करून घेतलं. नवरा वाशीच्या भाजी मार्केटात कामाला, ड्युटी रात्रीची. दोन महिन्यांपूर्वी पाळी दहा-बारा दिवस लांबली, मग काळपट, थोडं थोडं अंगावरून जाऊ लागलं. पाळीच आली असं त्यांनी धरलं. ओटीपोटात डावीकडे दुखत होतं, त्यावर ओवा आणि गॅसची गोळी झाली. चौथ्या रात्री खांदा दुखायला लागला आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन त्या पडल्या. मुलीनं शेजाऱ्यांना उठवलं. रुग्णालयात लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली तेव्हा "माझं ऑपरेशन झालंय" असं त्यांनी डॉक्टरांना तीनदा सांगितलं. गर्भ पिशवीत नव्हता, बीज पिशवीकडे नेणाऱ्या डाव्या नळीत होता, नळी फुटली होती, पोटात रक्त साचलं होतं. त्याच रात्री नळी काढावी लागली, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या.

घरी आल्यावर जाऊबाईंनी चारचौघांत विचारलं, "ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जातातच कसे?" नवरा एकदाच बोलला, "काय असेल ते खरं सांग." तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. त्या विचारतात : डीएनए टेस्ट करून दाखवू का? भाऊ म्हणतो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरवर केस टाक, टाकू का? आणि डॉक्टर म्हणाले दुसरी नळी आहे, जपा. म्हणजे नक्की काय जपायचं?

* * *

ताई,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं की तुम्ही 'शप्पथ' हा शब्द सहा वेळा लिहिलाय. मुलांची शप्पथ, कुलदैवताची शप्पथ. मला शपथ नको. जाऊबाईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि ते आधी सांगते : जातात. ऑपरेशन झालेल्या बाईला, स्वतःच्या नवऱ्यापासून, दिवस जाऊ शकतात. क्वचित जातात, पण जातात. आणि गेले तर ते नळीत अडकण्याची शक्यता एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असते.

मी डॉक्टर नाही. पण सरकारी इस्पितळात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरीचं आयुष्य गेलं, आणि स्त्रीरोग वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर तुमचा प्रश्न मी बऱ्याच जणींकडून ऐकलाय. बाईचा जीव वाचलेला असतो, आणि बाकड्यावर बसलेले नातेवाईक वेगळाच हिशेब मांडत असतात.

बिनटाक्याच्या ऑपरेशनात बहुधा दुर्बिणीतून नळीचा थोडा भाग ओढून त्याचा वेढा करतात आणि त्यावर सिलिकॉनची बारीकशी रिंग चढवतात. आवळलेला भाग सुकतो आणि नळीची दोन टोकं वेगळी होतात. टाक्याच्या ऑपरेशनात तो वेढा दोऱ्यानं बांधून कापतात. दोन्हीकडे वाट बंद करायची असते. पण जखम भरून काढणं हा शरीराचा स्वभाव आहे, आणि कोणती जखम भरायची नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एखादीच्या बाबतीत ती टोकं पुन्हा जुळतात, किंवा बंद टोकाला सूक्ष्म छिद्र पडतं.

आता पुढचं नीट वाचा, सगळं त्यात आहे. शुक्राणूचं डोकं मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं. स्त्रीबीज एक दशांश मिलिमीटरचं, म्हणजे त्याच्या वीसपट. जुळलेली वाट पहिल्यासारखी ऐसपैस नसते. शुक्राणू तिच्यातून पार होतो, बीजाशी मिळतो, गर्भ धरतो. पण पिशवीकडे परत येताना तो गर्भ त्या चिंचोळ्या जागी अडतो. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो, मणी जात नाही. अडला तिथेच तो वाढायला लागतो. पिशवीसारखं ताणायचं बळ नळीत नाही, म्हणून काही आठवड्यांत ती फुटू शकते.

अमेरिकेत असं ऑपरेशन झालेल्या १०,६८५ बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष १९९६ आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले. ऑपरेशनच्या सगळ्या पद्धती मिळून दहा वर्षांत हजारी साधारण १८ जणींना दिवस गेले, आणि हजारी ७ जणींचा गर्भ पिशवीबाहेर राहिला. तुमच्या नवऱ्याला कदाचित सगळ्यात जास्त खुपत असेल ती गोष्ट 'इतकी वर्षं काही नाही, मग आठव्या वर्षी कसं?' ही. याच अभ्यासात दिसलं की नळीतल्या गर्भाचा धोका पहिल्या तीन वर्षांत जेवढा, तेवढाच चौथ्या ते दहाव्या वर्षातही राहतो, काळ गेला म्हणून कमी होत नाही. आठवं वर्ष त्यातच आलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. फुटलेली नळी पाहून गर्भ कोणाचा होता हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण दिवस जायला दुसरा पुरुष असावाच लागतो, हा जो तुमच्या घरात गृहीत धरलेला मुद्दा आहे, तो साफ चुकीचा आहे. उघडलेली वाट आणि घरातला नवरा, एवढं पुरतं.

म्हणूनच डीएनए टेस्ट करू नका. इथे मी ठाम आहे. सगळ्यांच्या सांगण्यातून तुम्ही एक गोष्ट नकळत मान्य करून बसलात, की आरोपी तुम्ही आहात आणि निर्दोष असल्याचा कागद तुम्हीच आणायचा. तुम्ही काय केलंत? आठ वर्षांपूर्वी दोघांचा प्रश्न एकटीनं अंगावर घेतलात, आणि परवा त्याच ऑपरेशनमुळे मरता मरता वाचलात. वर पुरावाही तुम्हीच द्यायचा? शिवाय टेस्टचा कागद आणला तरी जाऊबाई 'लॅबवाल्याला पैसे दिले असतील' म्हणणार नाहीत याची खात्री कोण देणार? संशयाला कागद पुरला असता तर शहाण्या घरांतून तो कधी टिकलाच नसता.

आता तुमच्या यजमानांबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलंय, "त्यांच्या मनातून मी उतरले." असेलही. पण मला त्या रात्रीचं चित्र वेगळं दिसतं. माणूस मार्केटात गाडी उतरवतोय, पहाटे फोन येतो, धावत येतो तर बायको ऑपरेशन थिएटरात. कोणीतरी निवासी डॉक्टर घाईत सही घ्यायला येतो आणि सांगतो, "प्रेग्नन्सी होती, नळी फुटलीय." आठ वर्षांपूर्वी गावात याच माणसाला कोणीतरी सांगितलं होतं, आता काळजी मिटली. या दोन वाक्यांची सांगड त्याला कोणी घालून दिली? माझा अंदाज, कोणीच नाही. घराघरांत 'ऑपरेशन' हा शब्दच असा वापरतात की जणू दाराला भिंत घातली. भिंत नसते ती, कुलूप असतं. चांगलं कुलूप, पण कुलूपच.

त्यामुळे 'खरं सांग' हा प्रश्न दुष्टपणानं आलाय की अडाणीपणातून, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवायची एक साधी रीत आहे. फेरतपासणीला जाताना त्यांना बरोबर न्या. रात्रपाळी संपवून सकाळच्या ओपीडीला येता येतं. झोप एक दिवस मोडेल, मोडू द्या. डॉक्टरांसमोर त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवा आणि सांगा, "डॉक्टर, ऑपरेशन झालेलं असताना दिवस का गेले हे यांना समजवा." मग गप्प बसा. हे स्पष्टीकरण तुमच्या तोंडून गेलं तर सफाई वाटेल, डॉक्टरांच्या तोंडून गेलं तर माहिती. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर चिडचिडे असतात, सगळं मान्य. तिथे समाजसेवा विभाग असेल तर आधी तिथे जा; आमच्यासारख्या बायकांना दहा मिनिटं असतात.

आणि दादा, हे सदर तुमच्या हाती पडलं तर तुमच्याशीही दोन शब्द. त्या रात्री तुमची बायको आणि मरण यांच्यात तुमची बारा वर्षांची मुलगी आणि एक शेजारीण उभी होती. आणखी काही तास गेले असते तर तुम्ही आज हा प्रश्न कोणाला विचारला असता? डॉक्टरांकडे चला, हवं ते विचारा, अगदी मनातलं सगळं विचारा. पण एकदा उत्तर ऐकलं की घरी येऊन वहिनींसमोर ते मोठ्यानं सांगायचं काम तुमचं. ते तुमच्या बायकोनं करायचं नाही.

ताई, सगळं समजून घेऊनही ते संशय सोडायला तयार नसतील, टोमणे चालूच राहिले, तर मग तो वैद्यकीय प्रश्न राहत नाही. बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ धरला जातो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला म्हणून लगेच घर मोडत नाही. नुसतं बोलून पर्याय विचारता येतात. 'या घरात राहू का' हा निर्णय मात्र आज घेऊ नका. पोटाची जखम ताजी आहे, रक्त कमी आहे, रात्रीची झोप नाही. अशा वेळी घेतलेला कोणताही निर्णय अशक्तपणाचा असतो, थांबण्याचाही आणि निघण्याचाही.

केस टाकायची का? भाऊ चिडलाय ते प्रेमापोटी. पण इथेही एक गृहीतक आहे : ऑपरेशन फसलं म्हणजे डॉक्टर चुकला. तसं नेहमी नसतं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. २००० सालच्या हरियाणा सरकार विरुद्ध संत्रा या प्रकरणात त्या बाईची फक्त उजवी नळी बंद केली होती, डावीला हातच लावला नव्हता. तो हलगर्जीपणा ठरला आणि भरपाई मिळाली. २००५ च्या पंजाब सरकार विरुद्ध शिवराम या प्रकरणात मात्र न्यायालयानं सांगितलं की नीट केलेलं ऑपरेशनही निसर्गतः फसू शकतं, तेवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. हलगर्जीपणा दाखवावा लागतो.

म्हणजे तुमच्या बाबतीत कळीचा कागद एकच, आत्ताच्या ऑपरेशनची नोंद. पोट उघडल्यावर डॉक्टरांना दोन्ही नळ्यांवर जुन्या रिंगची खूण दिसली का? दिसली असेल तर केसमध्ये फारसा जीव नाही, आणि वकिलाच्या फीला पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. एका बाजूला खूणच नसेल तर भावाला घेऊन वकिलाकडे जा, मी अडवणार नाही. ही नोंद डिस्चार्ज कार्डावर त्रोटक असते. पूर्ण ऑपरेशन नोट आणि काढलेल्या नळीचा तपासणी अहवाल अर्ज करून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

कोर्टाखेरीज एक वाट आहे आणि ती बहुतेकींना कोणी सांगत नाही. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी केलेली नसबंदी फसली तर ठरावीक नुकसानभरपाई देणारी सरकारी योजना आहे. त्यासाठी डॉक्टरला दोषी ठरवावं लागत नाही. अर्ज जिथे ऑपरेशन झालं त्या जिल्ह्यात, म्हणजे तुमच्या बाबतीत साताऱ्याकडे. नसबंदीचं प्रमाणपत्र लागतं. ट्रंकेत शोधा, नसेल तर त्या दवाखान्याच्या रजिस्टरवरून दुसरी प्रत मागा. गावच्या आशाताईंना फोन करा, त्यांना कोणत्या टेबलावर जायचं ते ठाऊक असतं.

नसबंदीच्या वेळी ज्या संमतिपत्रावर आपण सही किंवा अंगठा करतो त्यात ऑपरेशन फसू शकतं असं लिहिलेलं असतं. पाळी चुकली तर दोन आठवड्यांत कळवा, असंही असतं. किती जणींना ते वाचून दाखवलं जातं? शिबिराच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हातात पेन दिलं जातं आणि बोट ठेवून जागा दाखवली जाते. तुमच्या मनात जो अपराध टोचतोय, 'मी आधीच का नाही गेले दवाखान्यात', त्याचं उत्तर तिथे आहे. तुम्हाला माहीतच नव्हतं. आणि ते अंगावरून गेलेलं? नळीतल्या गर्भात बऱ्याचदा तसं काळपट, तुटक जातं. त्याला पाळी समजणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत.

म्हणून हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींसाठी इथेच लिहिते. ऑपरेशन झालेलं असो, पाच वर्षांपूर्वीचं असो की पंधरा, पाळी आठवडाभर लांबली की औषधाच्या दुकानातून लघवीची पट्टी आणा. आली ती पाळी नेहमीसारखी नसेल, रंग वेगळा, प्रमाण कमी, तरी पट्टी लावा. दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टर आणि सोनोग्राफी. मूल नको आहे म्हणून दुकानातून पाडायच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही, पण रक्तस्राव होतो, आणि 'झालं मोकळं' असं समजून बाई घरी बसते. हे मी वॉर्डात पाहिलंय. लवकर कळलं तर काही वेळा नुसत्या इंजेक्शनवर भागतं, पोट उघडावं लागत नाही. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, हे दिसलं तर ओवा बाजूला ठेवा. खांद्याचा पोटाशी काय संबंध असं वाटतं. पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात उमटतं. अशा वेळी रात्र काढायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगायचं : नळीचं ऑपरेशन झालंय आणि पाळी चुकलीय. हे वाक्य ऐकलं की कॅज्युअल्टीतले डॉक्टर खडबडून उठतात.

ताई, तुमच्या उजव्या नळीकडे येते. ती आहे, तिच्यावर जुनी रिंग असली तरी डावी फसली तशी तीही फसू शकते. डॉक्टर 'जपा' म्हणाले ते यासाठी. एक वाट म्हणजे तीही काढून टाकणं. यात पुन्हा भूल, पुन्हा पोट, आणि तुमचं रक्त भरून आल्याशिवाय तो विषय काढायचाच नाही. नळ्या काढल्या की पाळी जाते, बाईपण जातं असं तुम्ही लिहिलंय. तसं काही होत नाही. पाळी अंडाशयांवर चालते, आणि अंडाशयं जागेवर असतात. दुसरी वाट तांबी. दहा वर्षं चालणारी तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, आधी नळीत गर्भ राहिला म्हणून ती वर्ज्य नाही. तांबी असतानाही पाळी चुकली तर पट्टी लावायचीच, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी वाट यजमानांची नसबंदी. बिनटाक्याची, बिनचिऱ्याची, जागेवर सुन्न करून काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. पुढे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्याची तपासणी करून शुक्राणू नाहीत हे पक्कं झालं की मग निश्चिंत. तुमच्या पोटाला तिसऱ्यांदा हात लागत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. गोणी उचलणारा माणूस म्हणतो ताकद जाईल. जात नाही, आठवडाभर जड उचलायचं नाही, बस. मला विचाराल तर माझं मत याच वाटेला. पण आज घरात ज्या हवेत तुम्ही राहताय, तिच्यात तुम्ही हा विषय काढलात तर भांडणाचं नवं कारण होईल. तो डॉक्टरांना काढू द्या, त्याच ओपीडीत, त्याच दिवशी. तोवर निरोध. आणि मनाची तयारी नसेल तर जवळ न येणं हाही तुमचा हक्कच आहे.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांचंही ऑपरेशन झालंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वरचा पट्टीचा परिच्छेद त्यांना मात्र वाचायला द्या.

मुलीबद्दल पत्रात एकच ओळ आहे : "ती आता रात्री मला दोनदा उठून बघते." ताई, तिला कोणीतरी सांगायला हवं की काय झालं होतं आणि ते आता संपलंय. बारा वर्षांच्या मुलीला 'पोटात दुखत होतं' एवढं पुरत नाही, तिनं रक्त पाहिलंय, घरातली कुजबुज ऐकलीय. सोप्या शब्दांत सांगा : पोटात एक नळी असते, तिच्यात चुकीच्या जागी गाठ धरली होती, ती फुटली, डॉक्टरांनी काढली, आणि तू वेळेवर दार वाजवलंस म्हणून मी आहे. शेवटचं वाक्य गाळू नका.

आणि हे आधी करा : त्या सरकारी योजनेच्या अर्जाला ९० दिवसांची मुदत असते. तुमचं आत्ताचं ऑपरेशन होऊन साठ उलटलेत. उद्या डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स काढा. एक साताऱ्याला, एक भावाकडे, आणि एक तुमच्या शिवणाच्या डब्यात, जिथे दुसरं कोणी हात घालत नाही.